नानांचे टक्के

नानांना संघ हरल्याचं दुःख होतं ते फार तर दहा मिनिटं. पुढे हिशेब सुरू होतो. पराभव झाला म्हणजे दोष निर्माण झाला, तो बरोबर शंभर टक्के असतो, आणि तो कुणा ना कुणाच्या नावावर चढवल्याशिवाय टीव्ही बंद करायचा नाही, असा त्यांच्या घरचा कायदा आहे. बेरीज जुळायच्या आधी पान वाढलं तर नाना जेवतात. पण काय जेवले ते त्यांना सांगता येत नाही, आणि भरल्या वांग्याच्या दिवशी असं झालं की काकू सोमवारभर त्यांच्याशी बोलत नाहीत.

नाना राहतात डॅलसच्या उत्तरेला, फ्रिस्कोत. मूळचे मिरजेचे. १९९५च्या उन्हाळ्यात रिचर्डसनमधल्या एका टेलिफोन कंपनीत कामाला आले. तेव्हा ते नानाही नव्हते; मंडळाच्या एका गणपतीत कुणीतरी तशी हाक मारली आणि ती राहिली. डॅलसमध्ये नव्यानं आलेल्या माणसाला दोन गोष्टी लगेच लागतात, मोटार आणि काउबॉइज या तिथल्या फुटबॉल संघाबद्दलचं मत. नानांनी मोटार हप्त्यावर घेतली, मत रोखीनं. २०१६ साली काउबॉइजनं आपलं मुख्यालयच फ्रिस्कोत आणून ठेवलं, तेव्हापासून तर नाना संघाबद्दल सोसायटीच्या पाण्याच्या टाकीबद्दल बोलावं तसं बोलतात. आपल्या आवारातली गोष्ट, आपण लक्ष नाही घालायचं तर कुणी घालायचं?

हा फुटबॉल पायांनी क्वचितच खेळला जातो, हे तिकडच्या वाचकांना सांगायला हवं. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. अकरा विरुद्ध अकरा. सामन्याच्या भागांना क्वार्टर म्हणतात. चाल, म्हणजे डाउन, सुरू होते तेव्हा चेंडू मागे एका माणसाच्या हातात येतो, तो क्वार्टरबॅक. त्याच्यापुढे एकशे चाळीस किलोच्या आसपासचे पाच भीमसेन त्याचं रक्षण करायला उभे, आणि समोरून तशीच माणसं त्याला आडवं करायला धावून येतात. त्याच्याजवळ तीनेक सेकंद असतात. तेवढ्यात चेंडू कुणाकडे फेकायचा, कुणाच्या हातात द्यायचा, स्वतः पळायचं की मैदानाबाहेर भिरकावून जीव वाचवायचा, हे त्यानं ठरवायचं. त्याच्या हेल्मेटमध्ये छोटा स्पीकर असतो. त्यातून प्रशिक्षक चाल सांगतो, आणि चाल सुरू करायच्या घड्याळात पंधरा सेकंद उरले की तो आवाज आपोआप बंद होतो.

या पंधरा सेकंदांवर नानांचा फार जीव. "त्याच्या आधीचा दोष प्रशिक्षकाचा, नंतरचा त्या पोराचा," ते बोट वर करून सांगतात. "इतकी स्वच्छ व्यवस्था मी एका ऑफिसात पाहिली नाही."

नानांचा भाव सत्तरपासून सुरू होतो. सत्तर टक्के क्वार्टरबॅकचे. बाकीच्या तिसात प्रशिक्षक, पंच, चेंडू सोडणारे, वारा. यावर घासाघीस चालते. सामन्यानंतर कुणी पुरावा आणला, म्हणजे पुढच्या पाचांतला डावीकडचा गडी दोनदा पालथा पडला होता वगैरे, तर नाना तीन-चार टक्के सोडतात. चाळीसच्या खाली मात्र ते कधी येत नाहीत. "चाळीस ही खरेदीची किंमत आहे," म्हणतात.

हे सगळं लिहिलं जातं कालनिर्णयवर. स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी ते टांगलेलं असतं आणि सप्टेंबर ते जानेवारी प्रत्येक रविवारच्या चौकोनात बारीक अक्षरात नोंद असते: क्वा ६५, प्र २०, पं १५. जिंकलेल्या रविवारी नुसती फुली. संकष्टीचा चंद्र या फुल्यांखाली गेला अशी काकूंची तक्रार आहे. अर्थात चंद्रोदयाची ती वेळ टेक्सासात तशीही उपयोगाची नसते.

सामन्याच्या दिवशीचे नियम वेगळे. दुपारी बाराचा सामना असेल तर साडेदहाला कांदेपोहे, आणि लिंबू पिळायचं ते नानांनीच. अंगात बंडीवर काउबॉइजचा जुना क्वार्टरबॅक ट्रॉय एकमन याची आठ आकड्याची जर्सी, जिचा निळा रंग आता जांभळाकडे झुकला आहे. ती धुवायची फक्त पराभवानंतर. रिक्लायनरवर दुसऱ्या कुणी बसायचं नाही, सामना चालू असताना नाना पाणी प्यायला उठले तरी नाही. एकदा पुण्याहून आलेला त्यांचा मेहुणा टेकला होता. त्याला कुणी काही बोललं नाही. कालनिर्णयवर मात्र त्या रविवारी 'इतर ५' अशी नोंद आहे.

आणि तोंडी वाक्यं ठरलेली. "मी व्यक्तिशः त्याच्या विरुद्ध नाही." हे म्हणून झालं की पुढची पंधरा मिनिटं ते व्यक्तिशः विरुद्ध बोलतात. "माणूस सोन्यासारखा आहे, पण तिसऱ्या डाउनला सोनं काय चाटायचंय?" आणि सगळ्यांत महत्त्वाचं, "प्रश्न तत्त्वाचा आहे." मराठी माणसानं हे म्हटलं की समजावं, आता चहा पुन्हा ठेवावा लागणार.

क्वार्टरबॅकबद्दलचं नानांचं शिक्षण टोनी रोमोनं पूर्ण केलं. ६ जानेवारी २००७, सिएटल. बाद फेरी. काउबॉइज एका गुणानं मागे, वेळ दीड मिनिटाच्या आत उरलेला, आणि एकोणीस यार्डांवरून एक सोपी किक मारायची. किक मारणाऱ्यासाठी चेंडू जमिनीवर उभा धरून ठेवायचं काम रोमोकडे होतं. चेंडू त्याच्या हातातून निसटला. त्यानं तो उचलला, पळत सुटला आणि गोलरेषेच्या दोन यार्ड अलीकडे पालथा पडला. २१-२०. दुसरा कुणीही नुसता हळहळला असता. नानांपुढे कायद्याचा पेच होता. चेंडू धरताना तो क्वार्टरबॅक होता का? तीन दिवस ऑफिसात, मंदिरात, इंडियन ग्रोसरीच्या रांगेत चर्चा करून त्यांनी निकाल दिला: होल्डर म्हणून शंभर टक्के, क्वार्टरबॅक म्हणून शून्य. "पण माणूस एकच ना, नाना?" मी म्हणालो. "तलाठी आणि जावई एकच माणूस असला म्हणून सातबारा आणि मानपान एका फाइलीत लावतात का?" मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही.

ऑक्टोबर २०१३चा सामना मी त्यांच्याकडेच पाहिला. समोर डेन्व्हर, नामांकित क्वार्टरबॅक पेटन मॅनिंगचा संघ. रोमोनं त्या दिवशी ५०६ यार्ड फेक केली, पाच टचडाऊन दिले, म्हणजे चेंडू पाचदा गोलरेषेपार पोचवला. अठ्ठेचाळीस-अठ्ठेचाळीस अशी बरोबरी असताना, अगदी शेवटी, त्याचा एक चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या हातात गेला, आणि डेन्व्हर ५१-४८नं जिंकलं. एवढं करून नानांनी त्याला पंचावन्न दिले.

"नाना, एक्कावन्न गुण दिले ते बचावफळीनं. हा बिचारा तेव्हा बाकावर बसला होता."

"बसला होता ना? मग बसायचं. शेवटी उठून घाण कशाला करायची?"

इथे मी माझं मत सांगून टाकतो. क्वार्टरबॅकचा दोष साधारण तीस टक्क्यांच्या घरात असावा, असं मला वाटतं. पुढचे पाच गडी ढासळले तर जगातला कुठलाही हात चेंडू नीट फेकू शकत नाही. झेलणाऱ्याच्या हातावरून उडून चेंडू शत्रूकडे गेला तरी इंटरसेप्शन नोंदलं जातं फेकणाऱ्याच्याच नावावर. इतकंच काय, आकडेवारीच्या पुस्तकांत संघाचे जय-पराजयसुद्धा क्वार्टरबॅकच्या खात्यावर मांडतात. अकराजणांतला दुसरा कुणी अमुक सामने हरला असं लिहिलेलं तुम्हाला सापडणार नाही. हा अन्याय आहे असं मी म्हणतो. नाना म्हणतात, हा पुरावा आहे.

रोमो निवृत्त झाला आणि २०१७पासून टीव्हीवर समालोचन करू लागला. चाल सुरू व्हायच्या आधीच ती कुठे जाणार हे तो सांगतो, आणि बऱ्याचदा तसंच घडतं. साऱ्या अमेरिकेनं त्याचं कौतुक केलं. नाना रिक्लायनरवरून ओरडतात, "आता बरं कळतं सगळं!" दुसरीकडे एकमन समालोचनाला असला की ते आवाज वाढवतात आणि मध्येमध्ये मान डोलावतात, एखाद्या मैफलीत पहिल्या रांगेत बसल्यासारखे.

मग आला डॅक प्रेस्कॉट. २०१६च्या नव्या खेळाडूंच्या निवडीत चौथ्या फेरीत, १३५व्या क्रमांकावर घेतलेला पोरगा, म्हणजे बाजार उठताना शेवटी उरलेली मेथीची जुडी. तो पहिल्याच वर्षी खेळायला लागला आणि रोमोची जागा घेऊन बसला. त्या वर्षी नानांनी त्याच्यावर प्रेम केलं. स्वस्तात चांगलं मिळालं की मिरजेचा माणूस विरघळतो. काकूंचं प्रेम मात्र निराळ्या कारणानं. त्याची आई तो कॉलेजात असताना कॅन्सरनं गेली, हे त्यांनी कुठल्याशा कार्यक्रमात ऐकलं, आणि तेव्हापासून डॅकचा खटला त्या घरात कधी एकतर्फी चालला नाही. नाना टक्के लावायला लागले की काकू ओट्यापाशी उभ्या राहून म्हणतात, "आई नाही हो त्याला." नाना पाच टक्के कमी करतात. एका हंगामात असे किती पाच टक्के कमी झाले, ते प्रशिक्षकाला ठाऊक असतं तर त्यानं काकूंना बोल लावला असता, कारण ते सगळे त्याच्या खात्यावर गेले.

जानेवारी २०२२मध्ये, संक्रांतीनंतरच्या रविवारी, नानांच्या घरी हळदीकुंकू होतं आणि डॅलसचा सॅन फ्रान्सिस्कोशी बाद फेरीचा सामना होता. दिवाणखाना बायकांकडे, पुरुष मंडळी गॅरेजमध्ये छोट्या टीव्हीपुढे. चौदा सेकंद उरलेले, काउबॉइज सहा गुणांनी मागे. डॅक चेंडू घेऊन सरळ मैदानाच्या मध्यातून पळाला आणि सतरा यार्ड पुढे जाऊन घसरला. आता लगेच चेंडू जमिनीवर आपटून घड्याळ थांबवायचं होतं. पण नियम असा की आधी पंचानं चेंडूला हात लावायचा. डॅकनं चेंडू दिला आपल्याच सेंटरला, म्हणजे चेंडू मागे देणाऱ्या गड्याला, पंच मागून गर्दीत धक्के खात पोचला, आणि तोवर वेळ संपली. २३-१७.

गॅरेजमध्ये शांतता. मग नाना उठले. आत गेले, ओटीच्या ताटातला नारळ उचलून आणला आणि आम्हाला जागच्या जागी उभं केलं. मी सेंटर, समोरचे तेलुगू गृहस्थ पंच, नाना डॅक. "मोजा!" चौदापासून उलटे आकडे मोजत नाना नारळ घेऊन गॅरेजभर पळाले, वॉशिंग मशीनपाशी बसकण मारली, नारळ पंचाच्या हातात दिला, परत घेतला, जमिनीवर ठेवला. "किती उरले?" तीन उरले होते. "बघा! साठीचा माणूस, नारळ, आणि तीन सेकंद शिल्लक!" आडवे पाडायला धावणारे अकराजण गॅरेजात नव्हते, हे कुणीतरी हळूच सुचवलं. नानांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. दारात काकू उभ्या होत्या. ओटीचा नारळ मागायला आल्या होत्या. गोड बोलायचे दिवस म्हणून त्या काही बोलल्या नाहीत. त्या चौकोनातली नोंद: डॅ ४०, प्र ४०, पं २०. ज्या वेळेत एवढी लांब धाव काढून पुन्हा चाल लावणं जवळजवळ अशक्य, तिथे ती चाल सांगितलीच कशी, असा मुद्दा काढून प्रशिक्षकाला बरोबरीचा वाटा मिळवून दिला तो मीच. माझ्या वकिलीतलं हे सर्वांत मोठं यश.

दोन वर्षांनी, १४ जानेवारी २०२४ला, ग्रीन बे पॅकर्सनी काउबॉइजना त्यांच्याच मैदानावर ४८-३२नं हरवलं. मध्यंतरालाच २७-७ झालं होतं. डॅकचे दोन चेंडू शत्रूनं पकडले, त्यातल्या एकावर थेट टचडाऊन केला. पुढे सगळं हातचं गेल्यावर डॅकनं भराभर गुण केले आणि त्याची एकूण फेक भरली ४०३ यार्ड. आकडे घेऊन मी बचावाला उभा राहिलो. नाना म्हणाले, "वरातीमागून चारशे तीन घोडी." त्या दिवशी काकूही गप्प होत्या.

सप्टेंबर २०२४मध्ये डॅकचा नवा करार झाला. चार वर्षं, चोवीस कोटी डॉलर. म्हणजे वर्षाला सहा कोटी, तोवर या खेळातल्या कुठल्याच खेळाडूला न मिळालेले. नानांनी ते सतरा सामन्यांत वाटले. सामन्याला पस्तीस लाख डॉलर. आता टक्क्यांना अर्थशास्त्राचा आधार मिळाला. दर संघाला खेळाडूंवर खर्चाची मर्यादा असते, २०२४ साली ती साडेपंचवीस कोटींच्या आसपास होती. एकानं एवढं घेतलं तर बाकीच्यांना उरणार काय? म्हणजे पुढचे पाच गडी कच्चे निघाले तर तेही अप्रत्यक्षपणे त्याच्यामुळेच. या मुद्द्यात तथ्य आहे हे मला मान्य करावं लागतं, आणि नाना ते दर आठवड्याला माझ्याकडून मान्य करून घेतात.

त्याच हंगामात डॅकच्या मांडीचा स्नायू दुखावला आणि तो बाहेर बसला. पुढच्याच रविवारी, १० नोव्हेंबरला, फिलाडेल्फिया ईगल्सनी ३४-६ असा फडशा पाडला. काउबॉइजचं आर्लिंग्टनमधलं ते भव्य स्टेडियम पूर्व-पश्चिम बांधलेलं आहे, आणि दुपारी पश्चिमेच्या काचांतून ऊन थेट मैदानात घुसतं. एक चांगला फेकलेला चेंडू झेलणाऱ्या सीडी लॅम्बला गोलक्षेत्रात त्या उन्हापायी दिसलाच नाही. संध्याकाळी कालनिर्णयवर लिहिलं गेलं: सूर्य ११.

काकूंनी हे वाचलं आणि त्यांचा आवाज चढला. "सूर्यनारायणाला दोष? रथसप्तमीला काय तोंड दाखवाल?"

नाना चपापले. खोडून 'पडदे ११' असं केलं. पडदे लावायचं मालक टाळतो, असं स्पष्टीकरणही दिलं. पण त्याच चौकोनात 'डॅ २०' होतं, आणि डॅक तर मैदानात नव्हताच. मी बोट ठेवलं.

"पस्तीस लाखांत मांडी सांभाळता येत नाही?"

मालकाचा विषय निघालाच आहे तर शेजारच्या गोऱ्या आजोबांचं सांगायला हवं. कुंपणापलीकडे त्यांचं गवत, अलीकडे नानांची तुळस आणि कढीपत्ता. आजोबांनी काउबॉइजचा जुना क्वार्टरबॅक रॉजर स्टॉबॅक याला खेळताना पाहिलं आहे. १९८९ साली जेरी जोन्सनं संघ विकत घेतला आणि आल्याआल्या टॉम लँड्रीला काढलं, जो १९६०पासून, म्हणजे संघ जन्माला आल्यापासून प्रशिक्षक होता. ते आजोबा अजून विसरलेले नाहीत. जोन्स मालकही आणि खेळाडू निवडणारा जनरल मॅनेजरही. तेव्हा त्यांच्या मते शंभर टक्के दोष त्याचा, विषय संपला. नानांना हे पटत नाही असं नाही, पण आवडत नाही. एकाच ओळीत संपणारा हिशेब त्यांना आळशीपणाचा वाटतो. शिवाय, "मालकाला दोष देऊन करायचं काय? त्याला काढणार कोण? देवाला दोष देण्यासारखं आहे ते. दोष द्यावा तो बदलता येईल अशा माणसाला." आजोबा गवत कापायचं यंत्र चालू करतात. त्यांचा वाद हा असा संपतो, दर मंगळवारी.

या टक्केवारीत एक अपवाद आहे, आणि तो मला उशिरा कळला. १९९९च्या जानेवारीत चेन्नईला पाकिस्तानविरुद्धची कसोटी. २७१ धावा हव्या होत्या. नाना टेक्सासात पहाटेपर्यंत जागे, ऑफिसच्या संगणकावर धावफलक पुन्हापुन्हा ताजा करत. सचिन पाठ धरून खेळत होता. १३६ काढून तो गेला तेव्हा २५४ झाल्या होत्या, सतरा धावा हव्या, तीन गडी बाकी. त्या तिघांनी मिळून चार धावा जोडल्या आणि आपण बारा धावांनी हरलो.

"सचिनचे किती?" मी सहज विचारल्यासारखं विचारलं.

नाना एवढे दुखावले की त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "सतरा धावा! तीन माणसांना सतरा धावा जमू नयेत? सगळं एकट्यानंच करायचं? त्याची पाठ बघितलीस?"

मी पुढे बोललो नाही. काकू ओट्यापाशी होत्या. त्यांनीही डॅकचं नाव काढलं नाही, नुसता नळ जरा मोठा सोडला.

पुढे कधीतरी, नाना भाजी आणायला गेले असताना, काकूंनी २००१ची हकिकत सांगितली. टेलिफोन कंपन्या तेव्हा रिचर्डसनमध्ये धडाधड बसत होत्या. नानांच्या हाताखाली नऊजण. त्यांनी पाठवलेल्या सॉफ्टवेअरनं कुठल्याशा गावातली एक्स्चेंज काही तास बंद पडली. चूक बाहेरून आलेल्या एका तुकड्यात होती, ते सगळ्यांना ठाऊक होतं. मीटिंगमध्ये मोठ्या साहेबानं विचारलं, जबाबदार कोण? "आणि हे उठून उभे राहिले. म्हणाले, लीड मी आहे. महिन्याभरात नोकरी गेली. दोन पोरं शाळेत, घराचा हप्ता." काकू शेंगा निवडत होत्या. "मी विचारलं, अहो, थोडं तरी दुसऱ्यावर टाकायचं होतं. तर म्हणाले, लीडला टक्के नसतात."

एवढ्यात गॅरेजचं दार वाजलं आणि काकूंनी विषय बदलला.

काकूंजवळ एक हुकमाचं पान आहे, ते त्या वर्षातून एकदाच टाकतात, बहुतेक हंगाम संपतो तेव्हा. काउबॉइजनं सुपर बोल, म्हणजे हंगामाची अंतिम लढत, शेवटची जिंकली २८ जानेवारी १९९६ला, पिट्सबर्गला २७-१७ असं हरवून. नानांना तेव्हा अमेरिकेत येऊन जेमतेम सहा महिने झाले होते. ऑफिसातल्या एकाच्या घरी, खेळ काडीचा कळत नसताना, चिप्स खात त्यांनी तो सामना पाहिला. त्यानंतरच्या हंगामापासून ते रीतसर पाहायला लागले. आणि तेव्हापासून काउबॉइज सुपर बोल तर सोडाच, तिच्या आधीच्या पायरीपर्यंतसुद्धा पोचलेले नाहीत. "तर याचे किती टक्के, हे एकदा लिहाच कालनिर्णयवर," काकू म्हणतात. नाना हसतात, पण पूर्ण नाही. हा विचार त्यांच्या मनात येऊन गेलेला दिसतो.

२०२५च्या सप्टेंबरात मात्र नानांच्या शास्त्राला खरा हादरा बसला. २८ तारीख, नवरात्र चालू, रविवार रात्रीचा सामना. समोर पुन्हा ग्रीन बे, आणि त्यांच्याकडून मायका पार्सन्स, ज्याला महिन्याभरापूर्वीच काउबॉइजनं स्वतःच्या हातानं त्यांना देऊन टाकलं होतं. निर्धारित वेळेत बरोबरी. जादा वेळेत डॅलसचे तीन, मग अगदी शेवटच्या क्षणी ग्रीन बेचे तीन. चाळीस-चाळीस. वेळ संपली. सामना बरोबरीत सुटला, जे या खेळात क्वचितच घडतं.

मी घरी पोचून झोपायच्या तयारीत होतो. फोन वाजला.

"जागा आहेस? अरे, याचं काय करायचं?"

"काही नाही, नाना. हरलो नाही, दोष नाही."

"जिंकलोही नाही ना! फुली कशी मारू?" बराच वेळ कागदाचा आवाज येत राहिला. "मी असं म्हणतो, अर्धा पराभव झाला. म्हणजे दोष पन्नास टक्के."

"आणि अर्ध्या विजयाचं श्रेय?"

"श्रेयाचं माझ्याकडे खातं नाही."

मग आम्ही पन्नास वाटायला बसलो. बचावफळीला वीस, त्यावर दुमत नव्हतं. पार्सन्सला देऊन टाकल्याबद्दल मालकाला दहा. आजोबा ऐकते तर खूश झाले असते. डॅकनं तीन टचडाऊन फेकले होते, चेंडू एकदाही शत्रूला दिला नव्हता. नाना तिथे अडखळले. "त्याला... आठ. तत्त्व म्हणून." अडतीस झाले. बारा उरले. पंचांकडून काही चुकलं नव्हतं, वारा नव्हता, रात्रीचा सामना म्हणून सूर्यही नव्हता. बारा टक्के कुणाचेच नव्हते.

"थकबाकी म्हणून पुढे ओढा," मी म्हणालो. मला झोप येत होती.

पण पुढच्या रविवारी काउबॉइज न्यूयॉर्क जेट्सकडे जाऊन जिंकले, आणि थकबाकी तशीच राहिली. सोमवारी संध्याकाळी मी गेलो तर नाना कालनिर्णयपुढे चष्मा कपाळावर चढवून उभे. बारा. जिंकल्याचा आनंद त्यांच्या तोंडावर अजिबात नव्हता.

काकू हातातली परात खाली ठेवून म्हणाल्या, "अहो, टाका ते माझ्या नावावर. त्या रात्री तुम्ही गरम पाणी घ्यायला उठलात तेव्हा मी बसले होते तुमच्या त्या खुर्चीवर. दिवसभर उपास, पाय मोडून आले होते. टाका आणि संपवा एकदाचं."

नानांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. पेनाचं टोपण काढलं.

"कितव्या क्वार्टरमध्ये?"